अर्धी जमीन सिमियोनची

"कर्ज मागितलंय यंत्रासाठी आणि तपासणार आमचा संडास! कडी आतून लागते का म्हणे," लिदिया माझ्या कानाशी पुटपुटली. हात मात्र चालूच होते तिचे. किडका आलुबुखार डावीकडे, चांगला उजवीकडे.

"लागते ना?"

"काल झिनाने स्वतः बसवली. चारदा आत जाऊन बघून आली. मला वाटलं, बाईचं पोट बिघडलं."

टेबलाभोवतीच्या बायका हसल्या. झिना हसली नाही, कारण ती ऐकायला जागेवर नव्हतीच. सकाळपासून ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिली असेल तर मला सांगा. आग विझवायची नळकांडी मोजून झाली होती, खोकी रचून झाली होती, ती नीट दिसत नाहीत म्हणून पुन्हा काढून रचली होती. राजधानीतून, किशिनाऊहून, बँकेची बाई अकराला येणार होती. पैसे काही तिच्या बँकेचे नव्हते, युरोपातल्या विकास बँकेचे. हिची बँक नुसती त्यांच्या वतीने वाटणारी. अटी मात्र सगळ्या वरून आलेल्या. धूर किती, बायका किती, त्यांना सुट्टी किती, आणि कडी कुठून.

आमच्याकडे सहा जुन्या भट्ट्या आहेत. लाकडाच्या धुरावर आलुबुखार वाळवतो. जर्मनीच्या व्यापाऱ्याने वसंतातच कळवलं होतं, पुढच्या वर्षी धुराचा वास असलेला माल नको, गरम हवेवर वाळवलेला हवा. म्हणजे यंत्र आलं तर बावीस बायकांना काम, नाही आलं तर बावीस बायका इटलीला, परक्या म्हाताऱ्यांची कूस बदलायला. झिनाने ते आठ वर्षं केलं. पादोव्यात लोकांच्या आयांना न्हाऊ घालून तिने या भट्ट्या उभ्या केल्या. इकडे तिच्या आईला, अगाफिया मावशीला, औषधं मी देत होते. त्यावर आम्ही दोघी कधी बोलत नाही. बोललो तर रडू येईल, आणि फळ काही थांबत नाही.

सगळे कागद झाले होते, एक सोडून. जमिनीचा.

सामुदायिक शेती मोडली तेव्हा वाट्याला आलेला तुकडा मावशीने दोन्ही मुलांच्या नावावर केला. अर्धा झिनाचा, अर्धा सिमियोनचा. आणि भट्ट्या नेमक्या सिमियोनच्या अर्ध्यावर. तारण ठेवायची तर त्याची सही हवी. आणि सिमियोन मॉस्कोला बांधकामावर गेला, त्याला एकोणीस वर्षं झाली.

अर्जात सहमालकाच्या पत्त्याच्या रकान्यात मी 'परदेशी' लिहिलं. कारखान्याचं लिहिणं-पुसणं माझ्याकडे आहे, म्हणून तेही माझ्याच हातून. आमच्या गावात निम्म्या घरांतल्या माणसांचा पत्ता तोच. बँकेत कुणी भुवईसुद्धा उचलली नाही.

खरं काय ते झिनाला ठाऊक होतं, तिने फक्त मला सांगितलं. सिमियोनचे फोन यायचे थांबले तेव्हा ती स्वस्त कोट आणायच्या निमित्ताने मॉस्कोला गेली. सिमियोनच्या टोळीत शेजारच्या गावचा एक जण होता, तो तिला भेटला. सिमियोन परांचीवरून पडला होता. ठेकेदाराने कागद न करता कुठेतरी पुरला. कुठे, ते त्या टोळीतल्यालाही माहीत नव्हतं. झिना कोट घेऊन परत आली आणि आईला म्हणाली, "पत्ता बदललाय म्हणे त्याने."

तेव्हापासून मावशीसमोर आम्ही दोघी 'कामात असेल' म्हणत आलो. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांकडे प्रार्थनेसाठी नावांच्या दोन याद्या द्यायच्या असतात, जिवंतांची वेगळी, गेलेल्यांची वेगळी. मावशीच्या जिवंतांच्या यादीत पहिलं नाव सिमियोन. रांगेत मी तिच्या मागेच असते, म्हणून दिसतं.

नोटरीने एक वाट सांगितली होती. आईने कोर्टात अर्ज करायचा की मुलगा इतकी वर्षं बेपत्ता आहे, त्याला मृत ठरवा. अर्ज दाखल झाला की बँक पैसे राखून निकालापर्यंत थांबते. पण सही आईचीच हवी. झिनाने तो कागद पुरता वाचलाही नाही. "हा शब्द मी आईपुढे ठेवू? यंत्र गेलं खड्ड्यात!"

ऑरिका, म्हणजे ती बँकेची बाई, साडेअकराला आली. वयाने माझ्या मुलीएवढी, बूट पांढरे. भट्ट्या पाहिल्या, कडी लावून पाहिली, आणि कचेरीत माझ्यासमोर बसली.

"सगळं छान आहे, झिनाताई. फक्त भावाची सही. महिनाअखेरीला या कर्जातला आमच्या बँकेचा वाटा बंद होतो, मग पैसे दुसऱ्या कुणाला जातील."

"येणारे तो," झिना उभ्याउभ्याच म्हणाली.

"कधी?"

"नाताळात."

"अहो, नाताळात येऊन काय उपयोग? यायची गरजच नाही. आत्ता व्हिडिओवर फोन लावा. चेहरा दाखवायचा, पासपोर्ट धरायचा, 'हो' म्हणायचं. सही मागाहून दूतावासातून आली तरी चालते. माझ्या निम्म्या फायली अशाच निघतात."

झिनाने फोन हातात घेतला. बोटं पडद्यावर फिरली, थांबली.

"रेंज नाहीये."

"माझ्या फोनवरून लावा. भरपूर आहे."

"कामावर असेल तो."

"जेवायची सुट्टी असेल की आता."

"फोन बंद ठेवतो सुट्टीत."

ऑरिका हसली. "विचित्रच आहे हो तुमचा भाऊ! राईसाताई, तुमच्याकडे आहे का दुसरा नंबर?"

मी खण उघडला आणि त्यात नंबर शोधू लागले. खणात रबरबँड होते. माझ्या वयाच्या बाईला हे शोभत नाही, पण मी शोधत राहिले.

दारात मावशी उभी होती. दुपारी ती लेकीसाठी चीज भरलेल्या पोळ्या आणते, फडक्यात गुंडाळून. किती वेळची उभी होती कोण जाणे.

"या मावशी!" ऑरिकाला हायसं वाटलं. "तुम्हीच सांगा आता. तुमचा मुलगा फोनवर कधी सापडतो?"

"आई, तू घरी जा," झिना म्हणाली. "ऊन आहे. मी येते मागून. जा तू."

मावशी गेली नाही. पोळ्या माझ्या टेबलावर ठेवल्या, खुर्ची ओढली आणि बसली. बाहेर बायकांचे हात थांबले असावेत, कारण फळं खोक्यात पडायचा आवाज बंद झाला होता.

"ही लावेल फोन दिवसभर," ती ऑरिकाला म्हणाली. "बिचारी. मला वाटायचं हिला कळलेलं नाही."

"आई, काय कळलेलं?"

"त्या टोळीतल्या पोराच्या आईने मला सांगितलं होतं गं. तू मॉस्कोहून परत यायच्या आधीच. तू आलीस, म्हणालीस पत्ता बदललाय. म्हटलं, हिला आशा आहे, असू दे. आणि मलाही तोंडाने म्हणवत नव्हतं."

झिना पहिल्यांदाच एका जागी उभी होती.

मावशी ऑरिकाकडे वळली. "लिही पोरी, काय लिहायचं ते. सिमियोन मेला."