अंगठ्याखालचं अक्षर

लोकास्नी सगळी मेंढरं सारखीच दिसत्यात. मला न्हाई. कान-कपाळ बघून कोनचं कुनाचं ते मी सांगते. म्हनूनच पलटणीतनं रजेवर आलेला माझा ल्योक बिराप्पा, शिपायाचा नाईक व्हायच्या परीक्षेचं विंग्रजी माझ्यापुढं घोकायचा. सारख्या तोंडाचे शब्द त्याला लय छळायचे. त्यातले दोन त्यानं कोळशानं भिंतीवर विंग्रजी मोठ्या अक्षरात लिवले. "डेड म्हंजी मेलेला. डेफ म्हंजी बहिरा."

"मेल्या, दुसरं काय सुचंना व्हय तुला?" मी खेकसले. पन बघितलं. पहिली तीन अक्षरं दोन्हीकडं तीच. डेडच्या पहिल्या अक्षरागत शेवटालाबी पोट, डेफच्या शेवटाला नुसते दोन दात. "ह्यात काय अवघड हाय रं?" म्हनले, तर पोरगं हसलं. मग रजा सरली आनि परत लढाईवर गेलं.

तार आली तवा आमच्या वाडीत विंग्रजी येनारे एकटे भाऊसो मास्तर. त्यांनी ती वाचली आनि म्हनले, "बिराप्पा लय आजारी हाय."

आमच्या जतकडं तारंतला 'लय आजारी' म्हंजी काय, ते शेंबडं पोरबी जानतं. सून सुलाबाई दारातच हुती, दिवस भरत आलेले. मागल्या खेपेला भाऊ गेल्याचं ऐकलं आनि सातव्यातच तिचं पोर गेलं. तीबी मरता मरता वाचली. आता ती मटकन खाली बसली. "खरं सांगा, आत्याबाय!"

मी मास्तरांच्या हातातनं तार वढली. त्यात भिंतीवरलाच शब्द, दोन्ही टोकाला पोट. बिराप्पा, माझ्या लेकरा!

मी शेवटच्या अक्षरावर अंगठा दाबला आनि कागद भिंतीवरल्या डेफला लावला. "डोळं उघडून बघ गं! त्यानंच लिवलंय न्हवं हे? बहिरा झालाय तुझा नवरा. तोफेनं कान गेलं. ह्या मास्तराला वाचाय कुटं येतंय!"

सुला एकेक अक्षर बोटानं जुळवत माझ्या अंगठ्यापर्यंत आली. मग रडत रडत हसली. "बहिरा तर बहिरा. जीव हाय न्हवं!" मास्तर मान खाली घालून निघून गेले. तार मी चुलीत घातली.

दोन दिसांनी पोरगा झाला. बाळंतीन बरी हाय. हातात हिरवा चुडा, कपाळाला ठसठशीत कुंकू. सव्वा महिना झाला की सांगीन, असं मी मनाला सांगते. रडाय मेंढरांमागं माळाला जाते. काल पोरगं लय वरडत हुतं, म्हनून उचलाय गेले, तर सुलानं मला अडवलं.

"ऱ्हाऊ द्या, आत्याबाय," ती हसत म्हनली. "वरडू द्या मोठ्यानं. त्याच्या बाला ऐकू जायचं, तर आत्तापासनं सवय नको व्हय?"