उघडलेली फाइल

फाइल उघडणं म्हणजे काय, यावर मी ऑफिसात इतकी भांडले की माझं नावच 'फाइलवाली' पडलं. पडू दे. माझ्या बहिणीच्या पोटापाण्याचा प्रश्न होता.

धाकटी जन्मापासून आंधळी. हेडफोन लावला की कॉम्प्युटर तिला पडद्यावरचं वाचून दाखवतो, आणि टायपिंगमध्ये ती मला केव्हाच मागे टाकते. पण खात्याच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका एका बड्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली असायची. ते विकत घेतलं असेल तरच फाइल धड उघडणार. धाकटीच्या मशीनवर नुसता कचरा दिसायचा. दोनदा ती हात हलवत परत आली. आता वय संपत आलं होतं. ही शेवटची खेप.

मी त्याच खात्यात टायपिस्ट. परीक्षेच्या फाइली कशात करायच्या ते ठरवणाऱ्या समितीत मला घेतलं ते बैठकीत कोण काय बोललं ते लिहून घ्यायला. पण मी गप्प बसते होय!

"साहेब, खुला फॉरमॅट ठेवा. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल, कुणाच्या बापाच्या मालकीचा नाही."

कंपनीचा माणूस गोड हसायचा. "ताई, आमचाही खुलाच आहे. ही त्याची नियमावली." आणि त्या मेल्याने असा जाडजूड ठोकळा टेबलावर आदळला की चहाचे कप हलले. साहेब दर बैठकीत म्हणायचे, "बघू."

शेवटी एकदाची खुल्या फॉरमॅटवर सही झाली. धाकटी म्हणाली, "ताई, तुझ्या तोंडाला कंटाळून दिली असेल त्यांनी." पोट दुखेपर्यंत हसलो दोघी.

परीक्षेच्या दिवशी मी बाहेर पायरीवर बसून होते. ती सगळ्यांच्या शेवटी आली.

"उघडली?"

"उघडली गं. एका झटक्यात."

"मग?"

"आत एकच शब्द होता. चित्र."

काय झालं असेल ते माझ्या लगेच लक्षात आलं. आमच्याकडे साहेबांच्या सही-शिक्क्याशिवाय कागद बाहेर पडत नाही. म्हणजे प्रश्नपत्रिका छापली, पानापानावर सही केली, शिक्का मारला, आणि त्या पानांचे फोटो काढून नव्या खुल्या फाइलीत चिकटवले. फाइल उघडी, आत अक्षर एकही नाही. फोटोतलं कॉम्प्युटर काय कपाळ वाचणार?

"तिथल्या माणसाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना. वाकून बघून म्हणाला, सगळं स्पष्ट तर दिसतंय."

मी तरातरा साहेबांच्या खोलीत शिरले. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "काय, उघडली ना? तुमच्या बहिणीचा पेपर म्हणून पानापानावर मी स्वतः सही केली, बरं का." अगदी मनापासून बोलत होते हो ते. मी रडून, ओरडून सगळं सांगितलं. परीक्षा पुन्हा घ्या म्हटलं. त्यांनी नियम काढला: फाइल उघडली नाही तरच फेरपरीक्षा. "आणि उघडली तर होती, ताई."

इतकी वर्षं मीच ओरडत होते ना, उघडली पाहिजे, उघडली पाहिजे म्हणून. आता कुणाच्या नावाने बोटं मोडू?

घरी जाताना बसमध्ये धाकटी माझा हात धरून बसली होती. मी विचारलं, "चित्रच आहे कळल्यावर उठून का नाही आलीस? वेळ संपेपर्यंत काय करत होतीस आत?"

"पुढचं पान, पुढचं पान करत होते," ती म्हणाली. "शेवटी पोचले की पुन्हा पहिल्यापासून. म्हटलं, ताई एवढी भांडलीये, एखाद्या तरी पानावर अक्षर असेल."