आकडा सांग, इंदू

"राज्य नवं झालं, राजधानी नवी झाली. आता इंदूचा गुडघाही नवा होणार!"

रेल्वेतून निवृत्त झालेल्या बाबारावांनी ब्राह्मणपाऱ्यातल्या घराच्या ओसरीवरून जाहीर केलं. गुडघ्याची मालकीण तेव्हा त्याच गुडघ्यावर भार देऊन ओसरी पुसत होती. "पाय उचला," ती म्हणाली.

अमरावती सोडून रायपुरात आल्याला तीस वर्षं झाली होती, त्यातली अकरा या गुडघ्याची. प्रत्येक डॉक्टरानं मलम देऊन वाटेला लावलं होतं. तेलीबांध्याच्या नव्या दवाखान्यात दुखण्याच्या खास डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदाच येत. नंबर लागायला तीन महिने गेले.

"माताजी, शून्य से दस में, दर्द कितना है?" बाईंनी विचारलं.

"दोन," इंदू म्हणाली.

बाबारावांना ठसका लागला. "दोन? काल पायरी उतरताना सारा मोहल्ला गोळा केला होता तुनं!"

"ते घरचं झालं. परक्या बाईपुढं रडू काय?"

बाईंनी गुडघा दाबला, वाकवला. इंदू हळदीकुंकवाला आल्यासारखी हसतमुख. "चालून दाखव," बाबाराव खेकसले. ती नव्या नवरीसारखी तुरुतुरु चालली. बाईंनी मलम लिहायला घेतलं.

बाबारावांना संशय आला. "इंदे, गोळी घेतली काय तू?"

"दोन घेतल्या. चार लोकांत जायचं, तर लंगडत येऊ काय?"

बाबारावांनी कपाळाला हात लावला. दुखणं दाखवायला निघालेली बाई दुखणं घरी ठेवून आली होती! त्यांनी हे सगळं हिंदीत सांगितलं, तसं बाईंचं पेन थांबलं.

"माताजी, नीचे बैठ पाती हैं?"

"काहून नाही?" इज्जतीचा प्रश्न होता. इंदूनं पदर खोचला आणि फरशीवर झकास मांडी घातली. "पाहा."

"अब उठिए."

इंदूनं टेबलाला एक हात लावला. मग दुसरा. मग होती तिथंच राहिली. हसू तसंच होतं, पण कपाळावर घाम फुटला होता. मलमाचा कागद बाईंनी बाजूला सारला.

बाबाराव तिच्याशेजारी उकिडवे बसले. अकरा वर्षांचा वैताग त्यांच्या आवाजातून कुठे गेला कोण जाणे. "आता तरी आकडा सांग, इंदू."

"नऊ," ती हळूच म्हणाली. "अन् मॅडमले म्हणा, जरा तिकडे पाहा. मले उठायचं आहे."