भोक पडलं, पण मला नाही!

मी एक जुनं, बिडाचं, एका कानाचं पातेलं आहे. दुसरा कान कुठे गेला ते विचारू नका मित्रांनो! त्या गोष्टीत एक बकरा आहे आणि माझा घोर अपमान आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. तापलेलं लालबुंद बीड साच्यात ओतलं, साचा फोडला आणि मी बाहेर! वजन नऊ किलो. मला उचलताना कामगाराने जी शिवी दिली, ती माझ्या कानांवर पडलेली पहिली भाषा. (तेव्हा कान दोन होते.)

तिथून मी साल्मेच्या लग्नात तिच्या घरी आलो, एस्टोनियाच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांत. एरवी माझ्यात बटाटे शिजत. पण माझा खरा दिवस म्हणजे वास्तला हा सण! उपासाचे दिवस लागण्याच्या आदल्या दिवशी सगळं गाव घसरगाड्या घेऊन टेकडीवर जातं. जितकं लांब घसराल तितका जवस उंच वाढतो, म्हणून सत्तरीच्या बायकासुद्धा "लांब जवस!" असं किंचाळत खाली येतात. मग सगळे साल्मेकडे वाटाण्याचं सूप प्यायला.

भिजवलेली वाटाण्याची डाळ, मूठभर जव, कांदा, गाजर आणि आमच्या धुराने तापवायच्या, वाफेच्या न्हाणीत टांगून धुरावलेला डुकराचा पाय. हो, न्हाणीतच! शनिवारी माणसं, इतर दिवशी मांस. मीठ मात्र सगळ्यात शेवटी. "मांसाचं मीठ आधी उतरू दे, मग तुझी अक्कल चालव," असं साल्मे सुनेला, पिरेतला, दरवर्षी ऐकवायची. शेजारचा हान्नो पहिला घोट घेऊन दरवर्षी विचारायचा, "साल्मे, हे सूप आहे की रजई?" एवढी ऊब म्हणे! मी फुगून जायचो.

मग साल्मेच्या मुलाने, उर्मासने, विजेचं भांडं आणलं. त्याला अकरा बटणं. सूप झालं की ते गाणं म्हणतं. आणि मी? न्हाणीतली राख भरायला!

यंदा वास्तलाच्या सकाळी तर कहर झाला. उर्मासने मला ओसरीत आणून ठेवलं. शेजारी वायरवालं ड्रिल.

"बुडाला चार भोकं पाडली की पिरेतच्या फुलझाडाला मस्त कुंडी," तो म्हणाला.

"पाड की. मी कोण बोलणारी?" साल्मे म्हणाली. "तुझ्या बापापेक्षा जास्त टिकलंय, एवढंच सांगते."

"आई, नऊ किलोचं आहे ते! पिरेतच्या कमरेचा विचार कर."

"माझ्या कमरेचा विचार कोणी केला होता?"

मित्रांनो, बुडाला भोक पडलं की पातेलं संपलं!

पिरेतने विजेच्या भांड्यात सूप लावलं आणि सगळे टेकडीवर गेले. साल्मे शेवटी निघाली. वास्तलाच्या संध्याकाळी घरात दिवा लावायचा नसतो, लावला तर उन्हाळ्यात माश्याच माश्या. म्हणून तिने ओसरीतला मेन स्विच खट्कन बंद केला, घसरगाडी उचलली आणि गेली.

तीन वाजता उर्मास आणि पिरेत परतले. उर्मासने मला उपडं केलं (काय ती लाज!), ड्रिलचं टोक बुडावर टेकवलं, बटण दाबलं. शांतता. पुन्हा दाबलं. ड्रिलला एक चापट मारली. शांतता!

तेवढ्यात स्वयंपाकघरातून पिरेत ओरडली, "अहो, डाळ खडखडतेय! चौदा माणसं येतायत!"

"आई! स्विच तू बंद केलास?"

"वास्तला आहे," दारात बर्फ झटकत साल्मे म्हणाली.

"दिवा लावायचा नाही! भांडं म्हणजे दिवा आहे का?"

"त्याच्यावर लाल दिवा लागतो. माश्यांना काय कळतंय, कसला दिवा ते?"

लाल नाकाची मंडळी एव्हाना अंगणात पोचली होती. "हात लावू नकोस हं त्या स्विचला!" हान्नो ओरडला. "गेल्या वर्षी दिवा तुम्ही लावलात, माश्या आमच्या दुधात पडल्या!"

पिरेतने चुलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग तिने बाही वर केली, मला उचललं, उरलीसुरली राख झटकली आणि घसाघसा घासलं. "आणखी एक तास घसरून या!" ती पाहुण्यांवर खेकसली.

खरं सांगू? मी घाबरलो होतो. वर्षभर राख खाल्लेली, शिजवायचं कसं तेच विसरलो असलो तर? पण बुडाखाली लाकूड तडतडलं आणि सगळं आठवलं. डाळ विरघळली, पायाचं मांस हाडावरून सुटलं, धुराचा वास अंगणभर गेला. मीठ शेवटी!

दिव्याशिवाय, खिडकीतल्या निळसर उजेडात सगळे जेवले. हान्नोने घोट घेतला.

"पिरेत, हे सूप आहे की रजई?"

पिरेतचे कान लाल झाले. "झाड बादलीत लावते मी," ती म्हणाली.

स्विच बंद करताना साल्मे त्या विजेच्या भांड्याचं खरंच विसरली होती का? इतक्या वर्षांत ती साधा चमचासुद्धा विसरलेली मी पाहिली नाही. मी काही म्हणत नाही!

दुसऱ्या दिवशी स्विच चालू झाला आणि ड्रिल घुर्रर्र करून उठलं. माझं पाणी पाणी झालं. पण उर्मासने भोक पाडलं ते सुपातल्या पायाच्या हाडाला. त्यात दोरा ओवून त्याने ते लेकीला, केर्तूला दिलं. दोरा ताणला की हाड गरागरा फिरतं आणि गुणगुणतं.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. घरातल्या जुन्या भांड्याला भोक पाडण्याआधी एकदा त्यात सूप करून बघा. मीठ शेवटी घाला. आणि भोक पाडायची फारच हौस असेल, तर हाड उरतंच की!