पेडलमागचा मंगळ

स्वामींनी पायाचा अंगठा पेडलला टेकवला मात्र, आणि गाडी वाघासारखी गुरगुरली. गावातल्या महामहम या पवित्र तळ्याच्या काठी जमलेल्या माणसांनी एकच जयघोष केला. सकाळी हीच गाडी त्यांनी पाहिली होती : पेडल निम्मं दाबेपर्यंत ढिम्म, मग एक आचका. दुपारभर पडद्याआड स्वामी आणि त्यांच्या शिष्यानं मंत्र म्हटले, पेडलमागे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं यंत्र बांधलं गेलं, आणि आता हा चमत्कार!

"इंजिनात मंगळ झोपला होता," स्वामी डोळे मिटून म्हणाले. "आम्ही त्याला हाक मारली, इतकंच. गाडी पेट्रोलवर चालते, असं इंग्रजाला वाटतं. वाटू दे बापड्याला!"

लोक हसले. गाडीचा मालक चंद्रमौळी तर नाचायचाच बाकी होता. तंजावरच्या जुन्या दरबारी मराठी घराण्यातला हा एकुलता एक मुलगा. मद्रासच्या एका साहेबाकडून त्यानं ही दोन माणसांची, शर्यतीची लाल गाडी आणली होती, पण तिच्या सुस्त पेडलनं तो हैराण झाला होता. शेवटी त्याच्या आईनं, अंबाबाईंनी, स्वामींना बोलावलं. बायकांच्या घोळक्यात उभी असलेली त्याची बायको जयलक्ष्मी त्याचा उजळलेला चेहरा पाहत होती. तिनंही हात जोडले.

त्याच आठवड्यात चंद्रमौळी गेला. सुंदरपेरुमाळ कोयिल गावापाशी रेल्वेचं फाटक बंद होतं. गाडी थांबेना. त्यानं चाक वळवलं आणि गाडी चिंचेच्या झाडावर आदळली.

स्वामी समाचाराला आले. "अम्मा, आम्ही बजावलं होतं, विटाळ चालणार नाही. घरातलं कुणीतरी नको त्या दिवसांत गाडीला शिवलंय."

अंबाबाईंनी सुनेकडे पाहिलं. जयलक्ष्मीची मान खाली गेली. ती शिवली होती. निघताना तो रुमाल विसरला, तो द्यायला ती धावली होती आणि गाडीच्या दारावर हात ठेवून दोन शब्द बोलली होती. त्या हातानं आपण नवरा मारला, असंच ती धरून बसली. सासूनं बोलणं टाकलं. मागच्या खोलीत ताट सरकवलं जाई. रडायचीसुद्धा तिला चोरी झाली.

पुढं फाटकवाला चंद्रमौळीचं घड्याळ द्यायला आला. ते परसदारी तिच्या हाती पडलं.

"अम्मा," तो चाचरत म्हणाला, "साहेब ओरडत होते. पाय काढला तरी थांबत नाही, असं. ब्रेक करकरत होता, तरी इंजिन नुसतं बोंबलत होतं."

तो गेला, पण ते वाक्य गेलं नाही. विटाळानं मंगळ रुसला असेल, तर गाडी अडून बसायला हवी होती. धावत का सुटली?

मोडकी गाडी अंगणात गोठ्यापाशी आणून टाकली होती. समोरचा भाग चेचला होता, पण इंजिनाची एक बाजू शाबूत होती. जयलक्ष्मीनं वाकून हातानं पेडल दाबलं. ते अलगद खाली गेलं. हात काढला. पेडल वर आलंच नाही.

तिनं चंद्रमौळीला एकेकाळी शाळेत विज्ञान शिकवलेल्या जानकीराम मास्तरांना बोलावणं धाडलं. त्यांनी इंजिनात बराच वेळ पाहिलं, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "पोरी, हे चारचौघांसमोर दाखवायला हवं."

विटाळाच्या प्रायश्चित्तासाठी स्वामींनी ठरवलेल्या दिवशी अंगण भरलं. सुनेला कायमचं माहेरी धाडा, असं स्वामींनी सांगून ठेवलं होतं. नवरा जाऊन महिना झाला नाही तोच ती माणसांत आली, म्हणून कुजबुज सुरू झाली. ती सरळ गाडीपाशी गेली.

"स्वामी, हे तुमचं यंत्र." तिनं तांब्याचा पत्रा सोडवून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "आता कुणीही पेडल दाबा."

एका तरुणानं दाबलं. पेडल तितकंच हलकं होतं.

"मंगळ पत्र्यात नव्हता तर," मास्तर म्हणाले. "ही सळई बघा. पेडल दाबलं की ही इंजिनातलं एक झाकण उघडते. झाकण उघडलं की गाडी पळते. पूर्वी सळईची खीळ या लांबच्या भोकात होती, इथं झिजून खाच पडलीय. कुणीतरी ती जवळच्या भोकात घातली आणि सळईची ढिलाई काढली. त्यामुळं अंगठ्यानंही झाकण भसकन उघडतं. इंजिनाचा जोर होता तेवढाच आहे. आणि पाय काढल्यावर झाकण मिटवणारी स्प्रिंग असते, दणकट. तिच्या जागी ही." त्यांनी बोटानं ओढली, खेळण्यातली असावी तशी पातळ तार. "पेडल हलकं लागावं म्हणून. त्या दिवशी पाय काढूनही हिला झाकण मिटवता आलं नाही."

त्यांनी खीळ जुन्या भोकात घातली, सळई पूर्वीसारखी ढिली केली आणि जयलक्ष्मीला यंत्र परत बांधायला सांगितलं. यंत्र असूनही पेडल पुन्हा सुस्त झालं; निम्मं दाबेपर्यंत झाकण हललंच नाही.

स्वामींचा शिष्य पळू लागला तसा लोकांनी त्याला धरला. पूर्वी तो मद्रासला मोटारी दुरुस्त करायचा. "मला काय ठाऊक असं होईल!" तो रडू लागला. "स्वामी म्हणाले, पेडल पिसासारखं लागलं पाहिजे."

कुणीतरी पोलिसांकडे धावलं.

अंबाबाई गाडीला धरून खाली बसल्या. "मीच बोलावलं गं त्याला. माझ्या पोराला मीच..." आणि मग सुनेचा हात ओढून कपाळाला लावला. "तू नव्हतीस. तू नव्हतीस."

जयलक्ष्मी त्यांच्याजवळ टेकली. कलंक गेला, पण त्यानं काही हलकं वाटलं नाही. उलट, एक बोट लावून कळण्यासारखी गोष्ट होती, हे आता जन्मभर सोसायचं होतं.

"देवाला खुशाल नमस्कार करा," ती लोकांना म्हणाली. "पण कुणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारा, काय बदललंत? उघडून दाखवा म्हणा. देव त्यानं रागावत नाही. त्या दिवशी कुणीतरी विचारायला हवं होतं हो. आम्ही इतकी माणसं होतो."