केशरबाईच्या टोल्यावरचा निळा डबा

मित्रांनो, मी एक जुना निळा डबा आहे. पण मला जेवणाचा डबा म्हणाल तर मला राग येईल! मी लसींचा डबा आहे. नाकाडोंगरीकडच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत मी आठ वर्षं नर्स रेणूताईंच्या खांद्याला लटकून फिरलो.

रेणूताईंचं काम मी जवळून पाहिलं आहे. पाणी भरून गोठवलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या त्या कधीच घाईनं माझ्यात कोंबत नाहीत. आधी टेबलावर मांडतात, त्यांना घाम फुटेपर्यंत थांबतात, मग एकेक पट्टी कानाशी हलवून आत पाणी डुचमळतं का ते ऐकतात. कडक बर्फानं काही लसी गोठून वाया जातात. स्कूटीवरून निघायला कितीही उशीर होवो, हा नेम त्यांनी मोडला नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

आमच्या भागात पंधरा घरांचा एक टोला, म्हणजे छोटीशी वस्ती आहे. तिथली माणसं दूरच्या जंगलातून आली. त्यांचं गाव दोन बाजूंच्या बंदुकांमध्ये सापडलं होतं, म्हणून रातोरात सगळं सोडून ती इकडे आली आणि मजुरी करू लागली. मग कोरोना आला. लसीकरण थांबलं आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. माझ्यासारखाच दुसरा निळा डबा मात्र कोरोनाच्या तपासणीचे नमुने न्यायला टोल्यावर गेला. तिथल्या केशरबाईच्या मुलाचा, तेजरामचा नमुना त्यात गेला, दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या गाडीतून तेजरामही गेला. तो परत आला नाही. त्याची मुलगी गुड्डी तेव्हा चार महिन्यांची होती.

साथ ओसरली आणि मी पुन्हा कामाला लागलो. गुड्डी अडीच वर्षांची झाली, पण तिला एकही लस मिळालेली नव्हती. अशातच शेजारच्या गावात दोन लेकरांना गोवर निघाला. त्यातलं एक दगावलं. आता गोवर टोल्यावर शिरला तर गुड्डीचं काय होईल, या विचारानं रेणूताईंना चैन पडेना.

लस द्यायला टोल्यावर गेल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांच्या हातून चूक झाली. मोहाच्या झाडाखाली बसून त्यांनी आधी वही उघडली आणि विचारलं, "तुम्ही कोणत्या गावचे? घरात माणसं किती?" बघता बघता सगळी दारं लागली.

सोबत आलेल्या आशा कार्यकर्त्या पुष्पाबाई म्हणाल्या, "बाई, वही पाहून भेले ते. तिकडं नावं लिवून नेली का मांगून बंदूकवाले येत. दोन्हीकडचे."

रेणूताईंनी वही मिटून पिशवीत टाकली. पुढच्या बुधवारी वही पिशवीतून निघालीच नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही. नुसतं बसायचं, "पाणी देता का मावशी?" म्हणायचं आणि परतायचं. चौथ्या बुधवारी केशरबाई बाहेर आली. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"हाच डबा! ह्यानंच माह्या तेजरामले नेलं. आता नातीले न्याले आला का?"

मित्रांनो, मला रडू कोसळलं. तो मी नव्हतो! वाटलं, रेणूताई आता माझी बाजू घेतील. त्यांनी घेतली नाही. त्या म्हणाल्या, "तवा डबा मीच आणला होता, मावशी. तेजरामभाऊले गाडीत मीच बसवलं. तो आठ दिवसांत घरी येईन म्हणलं होतं तुमाले. माझा शब्द खोटा ठरला."

केशरबाई दोन पावलं पुढे आली. आजवर कोणीच तिला असं म्हटलं नव्हतं. रेणूताईंनी माझं झाकण उघडलं. "हात घालून पाहा. यात कोणाचं काही न्यायचं नाही. द्यायचंच हाये."

तिनं भीत भीत हात घातला. "थंडंगार हाये व!"

"आज एक सुई, महिन्यानं दुसरी. थोडा ताप येईन, रडन. पण गोवराशी झगडाले बळ येईन."

केशरबाई आत गेली आणि गुड्डीला कडेवर घेऊन आली. गोवराच्या लसीची कुपी पाच लेकरांची असते आणि उघडली की चार तासच चालते. रेणूताईंनी ती एकट्या गुड्डीसाठी फोडली. मग चार तास झाडाखाली बसून राहिल्या. आणखी दोघी आया आपापलं लेकरू घेऊन आल्या. दोन डोस फेकावे लागले, त्याचं त्यांना वाईट वाटलं. गुड्डीचं कार्ड त्यांनी केशरबाईच्या हातात दिलं आणि वहीत नाव लिहू का, असं विचारलं. केशरबाईनं होकाराची मान डोलावली, तेव्हाच लिहिलं.

त्या हिवाळ्यात गोवर टोल्यावर आलाच. गुड्डी मात्र अंगणात खेळत राहिली. त्यानंतर कोणी दार लावलं नाही.

पुढे माझा पट्टा तुटला, तर केशरबाईनं तेजरामच्या दुपट्ट्याची पट्टी फाडून मला बांधली. आता मी म्हातारा झालो आहे. मित्रांनो, तुमचं लसीचं कार्ड कुठे आहे ते आज आईला विचारा. एखादी सुई राहिली असेल तर घेऊन टाका. आणि कोणी घाबरून दार लावलं तर त्याला हसू नका, जरा थांबा.

गेल्या महिन्यात दवाखान्यात नवा कोरा डबा आला. रेणूताई तो घेऊन टोल्यावर गेल्या. परत आल्या त्या हसतच, आणि मला कपाटावरून काढून पुसू लागल्या. केशरबाईनं त्यांना दारातच अडवून विचारलं होतं, "बाई, आमचा डबा कुठं हाये?"