संच क्रमांक सतरा, अपूर्ण

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो. त्या रविवारी पंपकाकांचा सोलो वाजलाच नाही आणि चूक माझी होती. झालं सांगून. आता असं काही घडलंच नाही असं आपण समजू आणि शहाण्यासारखी सुरुवातीपासून सुरुवात करू.

मी एक जुना नोटेशनचा संच आहे. बँडला एखादी धून वाजवायची असली की कोणत्या वाद्यानं काय वाजवायचं ते वेगवेगळ्या कागदांवर छापलेलं असतं. असे सव्वीस कागद आणि वर एक जाड पुठ्ठा, मिळून मी होतो. त्यामुळे वाजत असताना मी एकाच वेळी सव्वीस ठिकाणी असायचो आणि एका कागदाला जे दिसेल ते सगळ्यांना कळायचं. यात मिरवण्यासारखं काही नाही. लाज वाटायची वेळ आली की तीही सव्वीस ठिकाणी वाटते.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. पुठ्ठ्यावर धबधब्याचं चित्र होतं. माझ्या धुनेत धबधबा तर सोडाच, ओलावासुद्धा नव्हता, पण चित्रकाराला तेवढंच येत होतं. मागच्या बाजूला लिहिलं होतं : ‘दर्जा दोन. सोपे. सर्व वाद्यांना वाव.’ पुढे नळखात्याच्या बँडनं मला विकत घेतलं. खात्याच्या साहेबांनी पुठ्ठ्यावरचं चित्र पाहिलं आणि ‘पाण्याशी संबंधित खरेदी’ असा शेरा मारून सही केली. माझ्या निवडीत संगीताचा संबंध आला नाही. पहिली लाज ती.

दुसरी लाज समासाची. नळखात्याच्या भांडारात माझ्यासाठी जो कप्पा होता, तो माझ्यापेक्षा दोन बोटं अरुंद होता. भांडारपाल स्वभावानं शांत. त्यांनी कप्पा मोठा करायचा अर्ज करण्याऐवजी मलाच लहान केलं. कटर घेऊन त्यांनी माझ्या प्रत्येक कागदाचा उजवा समास कापला. फक्त बँडमास्तरांचा मोठा कागद तेवढा वाचला, कारण तो त्या दिवशी मास्तरांच्या घरी होता. बाकी पंचवीस समास टोपलीत पडले. त्यातल्या सॅक्सोफोनच्या समासावर बारीक अक्षरात एक ओळ होती. ती टोपलीत जाताना मी पाहिली. मला ओरडता येत नाही हे खरं आहे. पण मित्रांनो, मी प्रयत्नही केला नाही. मला तेव्हा वाटलं, एका ओळीनं काय होतंय!

त्यानंतर अकरा वर्षं मी संच क्रमांक सोळा आणि अठरा यांच्यामध्ये दाबून बसलो. मला कोणी निवडलं नाही.

आता पंपकाकांविषयी. काका पंपघरात कामाला होते आणि बँडमध्ये युफोनियम वाजवायचे. युफोनियम म्हणजे मांडीवर बसवून वाजवायचं मोठं पितळी वाद्य. लांबून पाहिलं तर कोणी बंब कुशीत घेतल्यासारखं वाटतं. चौतीस वर्षं काकांच्या वाट्याला एकच काम आलं होतं. बाकीचे गाणं वाजवायचे आणि काका खालून ‘पुम्, पुम्’ करायचे. सरावही ते घरी न्हाणीघरात करायचे. काकू भाजी चिरता चिरता विचारायच्या, “अहो, हे पुम् संपून गाणं कधी सुरू होणार?”

“गाणं बाकीचे वाजवतात गं. मी खालून धरतो.”

“एकदा तरी वरून धरा.”

काका हसायचे आणि पुम् करायचे.

मग एके दिवशी काका दंतवैद्याची चिठ्ठी घेऊन बँडमास्तरांकडे आले. मास्तर दिवसभर तक्रारींच्या टेबलावर बसत, त्यामुळे कोणी चिठ्ठी पुढे केली की त्यांचा हात आपोआप नोंदवहीकडे जाई.

“पाणी कमी येतंय का?” मास्तरांनी विचारलं.

“दात जाणार आहेत,” काका म्हणाले. “समोरचे तीन. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी नऊला.”

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. पितळी वाद्य ओठांनी वाजतं आणि ओठांना मागून दातांचा टेकू लागतो. कवळी लावूनही वाजवता येतं म्हणतात, पण ओठ नव्यानं बसायला वर्ष-दोन वर्षं जातात आणि काकांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

“मास्तर, एक सोलो मिळेल का?” काका म्हणाले. “छोटा चालेल. एकदा हिनं ऐकावं एवढंच. पण घरी कळता कामा नये. तिला तिथंच कळू दे.”

त्याच दुपारी मीटरच्या खोलीत निवड समिती बसली. समितीत मास्तर आणि ढोलताई. ढोलताई खात्याच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायच्या आणि बँडमध्ये मोठा ढोल वाजवायच्या. दोन्हीकडे त्यांचा निकाल अंतिम असे. टेबलावर सहा संच मांडले होते. त्यात मी होतो. अकरा वर्षांनी उजेड पाहिल्यामुळे मी जरा फुगलो होतो. ढोलताईंच्या मते ती दमट हवा होती.

मित्रांनो, बँडसाठी धून निवडणं ही सोपी गोष्ट नाही. पहिल्या संचात ओबो नावाचं वाद्य लागत होतं. ओबो आमच्याकडे कोणी पाहिलेलासुद्धा नव्हता. दुसऱ्यात ट्रम्पेटला इतक्या वर चढायचं होतं की गेल्या वेळी ट्रम्पेटवाल्याला खाली आणायला डॉक्टर लागले. तिसऱ्यात ढोलाला साठ बार, म्हणजे तालाची साठ आवर्तनं, काहीच काम नव्हतं. “मी काय तिथं विणकाम करू?” असं म्हणून ढोलताईंनी तो बाजूला ठेवला. चौथा वीस मिनिटांचा होता आणि पाचव्याची मधली पानं उंदरानं वाजवली होती.

मग मी. मास्तरांची एक पद्धत होती. कोणताही संच आला की ते आधी सर्वांत कच्च्या वादकांचे कागद बघत. तिसऱ्या क्लॅरिनेटला झेपतंय का? झेपतंय. दुसऱ्या ट्रॉम्बोनला मध्ये श्वास घ्यायला जागा आहे का? आहे. आणि मग युफोनियमचा कागद उघडला. त्रेसष्टाव्या बारपासून आठ बारांचा सोलो. साधा, सरळ, काकांच्या श्वासाच्या मापाचा.

“हाच,” मास्तर म्हणाले.

“सॅक्सोफोनचा कागद बघायचा का?” ढोलताईंनी विचारलं.

“तिचा कशाला बघायचा? ती काहीही वाजवते.”

ही आमच्या बँडची एकमेव सॅक्सोफोनवाली. खात्यात कारकून, आणि काकूंच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. वाजवायला पक्की. पण तिच्या पोटात काही राहत नसे. साहेबांच्या बदलीची बातमी साहेबांना तिनंच सांगितली होती. म्हणून ठरलं की सोलोचं भाचीला कळू द्यायचं नाही. तिला कळलं की तासाभरात काकूंना कळणार.

आता छापणाऱ्यांची एक रीत सांगतो. एखाद्या बँडकडे एखादं वाद्य नसेल तर धून अडू नये म्हणून त्या वाद्याचे स्वर दुसऱ्या वाद्याच्या कागदावर बारीक आकारात छापून ठेवतात, बदली कामगारासारखे. युफोनियमचा सोलो माझ्या सॅक्सोफोनच्या कागदावर असाच बारीक छापलेला होता. आणि टोपलीत गेलेली ओळ होती : ‘युफोनियम हजर असल्यास वाजवू नये.’

सरावाला काका सोलोच्या जागी गप्प बसायचे. दंतवैद्यानं बजावलं होतं, हलणारे दात एका रविवारपुरते जपा. ते फक्त पुम् वाजवायचे, तेही हलक्यानं. पहिल्याच सरावाला त्रेसष्टावा बार आला आणि भाचीनं ते बारीक स्वर वाजवले. तिला वाटलं, बारीक छापलेत म्हणजे नाजूक वाजवायचे असणार. तिनं फार नाजूक वाजवले.

मास्तरांनी ढोलताईंकडे पाहिलं. ढोलताई पुटपुटल्या, “सांगा तिला.”

“सांगितलं की आज संध्याकाळी काकूंना कळलं. वाजवू दे. तोवर आपल्यालाही बार मोजायला बरं पडतंय. रविवारी काकांनी वाद्य उचललं की ती आपोआप थांबेल. माझ्या मोठ्या कागदावर स्पष्ट लिहिलंय, युफोनियम असेल तर वाजवू नये म्हणून. तिच्याही कागदावर असणारच.”

नव्हतं.

आणि इथे माझी सगळ्यात मोठी लाज आहे. त्या आठ बारांनंतर रोज सगळे म्हणायचे, “वा! काय धून निवडलीय!” अकरा वर्षं कप्प्यात काढल्यावर हे कानावर आलं की कागदालासुद्धा बरं वाटतं. भाचीच्या हातात आपण शोभतो, असं मला वाटायला लागलं. काकांना जमेल की नाही, अशी शंकाही माझ्या मनात आली. ती मी घालवली नाही, जपून ठेवली. मित्रांनो, मी साधा कागद आहे, पण माणसांच्या संगतीत राहून इतपत नीचपणा शिकलो होतो.

रविवार आला. खात्याचं सभागृह भरलं. काकू तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्या कधी कार्यक्रमाला येत नसत, “घरात रोज फुकट ऐकते, तिथे येऊन काय वेगळं ऐकू?” असं म्हणत. या वेळी काका म्हणाले होते, “ये,” आणि कारण सांगितलं नव्हतं, म्हणून त्या आल्या होत्या.

साठ. एकसष्ट. बासष्ट. काकांनी वाद्य वर उचललं, डोळे मिटले आणि मोठा श्वास घेतला.

भाचीनं अर्धा क्षण आधी सुरुवात केली.

तो श्वास काकांनी आत घेतला होता हे मी पाहिलं. त्याचं पुढे काय झालं ते माझ्या कोणत्याही कागदावर छापलेलं नाही. काकांनी डोळे उघडले. मास्तरांचा हात हवेत अडकला होता. काकांना वाटलं, बेत बदलला असेल, दातांचं बघून मास्तरांनी ठरवलं असेल. ते कोणावर रागावले नाहीत. त्यांनी वाद्य थोडं खाली घेतलं आणि भाचीच्या स्वरांखाली, जिथे लिहिलेलं नव्हतं तिथे, चार वेळा पुम् केलं.

तिसऱ्या रांगेत काकू शेजारणीला म्हणाल्या, “हे आमचे. हे पुम् आहे ना, ते.” आणि भाचीसाठी सगळ्यात जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

पडद्यामागे भाचीला कळलं. “मला कोणी सांगितलं का नाही?”

“तुझ्या पोटात राहत नाही म्हणून,” मास्तर म्हणाले.

“राहिलं असतं!” ती रडत म्हणाली. “काकांचं राहिलं असतं.”

“अगं, छान वाजवलंस,” काका म्हणाले. “मी तर ऐकतच बसलो.”

मास्तर पुन्हा एकदा वाजवू म्हणाले. पण बाहेर खुर्च्या एकमेकींवर चढल्या होत्या आणि काकू पर्स धरून दारात उभ्या होत्या. काकांनी वाद्य जमा केलं. युफोनियमचा कागद मात्र त्यांनी चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला. भांडाराच्या नियमात हे बसत नाही. भांडारपालांनी पाहिलं आणि कटरला धार आहे का ते तपासू लागले.

सोमवारी सकाळी नऊला मी, म्हणजे माझा तो एक कागद, दंतवैद्याच्या बाकावर होतो. काकूंनी रुमालासाठी काकांच्या खिशात हात घातला आणि मी बाहेर आलो.

“हे काय?”

काकांनी सांगितलं. सगळं. एरवी भाचीला लागतो त्याहून कमी वेळात.

काकूंनी मला उलगडून पाहिलं. मला त्यांनी उलटं धरलं होतं. “मग वाजवा,” त्या म्हणाल्या.

“वाद्य भांडारात आहे गं.”

“ती वाटी असेल ना खिशात? ती तर तुम्ही लग्नातही सोडली नव्हती.”

ती होती. वाद्याच्या टोकाला लावून ओठ टेकवायची छोटी पितळी वाटी. काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि नुसत्या वाटीत फुंकलं. डबीत डास अडकल्यावर येतो तसा आवाज आला. पण तो डास सुरात होता. आठ बार. काकांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्यांचं पाठ होतं. मला वाटत होती ती शंका तिथे त्या बाकावर मेली आणि मी तिच्याबरोबर मरायला तयार होतो.

समोर गाल सुजलेल्या एक बाई होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच गाल धरला.

“एवढंच?” काकू म्हणाल्या.

“आठ बार. एवढंच होतं.”

“पुन्हा.”

दुसऱ्यांदा चालू असताना आतून मदतनीस आली. “पंपघरवाले, चला.”

“त्यांचं चाललंय,” काकू म्हणाल्या. “पुढच्याला घ्या.”

चौथ्या वेळी सातव्या बारला एक दात आपणहून वाटीत आला. काकांनी आठवा बार पूर्ण केला. दंतवैद्यांना दोनच काढावे लागले.

तो कागद आणि ती वाटी आता काकूंच्या शिवणाच्या डब्यात आहेत. भाची अधूनमधून जाते, कागद बघते आणि ठेवते. आश्चर्य म्हणजे हे ती कोणाला सांगत नाही. भांडारात उरलेल्या पंचवीस कागदांवर शिक्का बसला : ‘संच क्रमांक सतरा. अपूर्ण. निवडीस अपात्र.’ शिक्का योग्यच आहे. फक्त तो अकरा वर्षं उशिरा बसला.

मित्रांनो, कागदाची कड कापण्याआधी ती एकदा वाचा. आणि ज्याच्यासाठी एखादी गोष्ट निवडली, त्याच्या शेजारी जो बसतो, त्यालाही ते सांगा. त्याच्या पोटात राहील की नाही याचा फार विचार करू नका. आता माझा एक अर्ज आहे, तो तेवढा ऐकून घ्या.

प्रति,
मा. भांडारपाल, नळखाते.

विषय : गेला रविवार परत मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, युफोनियमचा कागद ‘गहाळ’ असा न दाखवता ‘कामावर आहे’ असा दाखवावा. टोपलीतला समास शोधून मूळ जागी चिकटवावा. पंपकाकांचे तीन दात पूर्ववत बसवावेत. तसेच सदर रविवार, तिसऱ्या रांगेतील त्याच खुर्चीसह, बासष्टाव्या बारपासून पुन्हा भरवण्यात यावा. त्या वेळी मी गप्प राहणार नाही, अशी लेखी हमी देतो.

कळावे,
संच क्रमांक सतरा (एक कागद वगळून)